पहिला कॅमेरा खरोखर कशामुळे घेतलात? माझं घोडं आयपीसवर अडलंय

तेलाचा_थेंब

नमस्कार. 'कुठला कॅमेरा घेऊ?' असा धागा इथे दर पंधरा दिवसांनी निघतो आणि तिसऱ्या प्रतिसादापासून कॅननवाले आणि निकॉनवाले लांग चढवून आखाड्यात उतरतात. मला ती कुस्ती नको आहे. मला विचारायचंय ते एवढंच, की तुम्ही तुमचा पहिला कॅमेरा घेतलात तो नेमका कशामुळे? जाहिरात बघून, मेहुण्याचा बघून, दुकानदाराने गळ्यात मारला म्हणून, की खिशात तेवढेच पैसे होते म्हणून? नंतर स्वतःला पटवून दिलेली कारणं नकोत. त्या दिवशीची सांगा.

माझं सांगते. वय ४४, मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. एकोणीस वर्षं झाली, सकाळी आठपासून मायक्रोस्कोपला डोळे. मलेरियाची स्लाइड शंभरच्या लेन्सखाली तेलाचा थेंब टाकून बघतात, त्यावरून हे नाव घेतलंय. मागे कुणीतरी "तुमचा तेलाचा घाणा आहे का?" असं विचारलं होतं, त्यांच्यासाठी हा खुलासा.

कॅमेरा हवाय एकाच कामासाठी. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. फरीदसाहेबांपासून चालत आलेली ही विद्या. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे हात, ते तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीत मोबाइल उंच धरून चालणाऱ्यांची वर्दळ वाढलीय. येतात, टांगलेल्या भोपळ्यांचा व्हिडिओ काढतात, जातात. भोपळे सुंदर दिसतात, नाही म्हणत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात बिचारे, तेवढा मान त्यांना मिळावाच. पण मला हवीय जवारी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानशीने असा घासतात की तार त्यावर टेकल्यासारखी असते आणि नसतेही. ते जमलं की आवाज गुंजतो, नाही जमलं तर तार नुसती टणटणते. माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, सत्तरी ओलांडलेले. घासतात, तार चढवतात, छेडतात, ऐकतात, तार उतरवतात, परत घासतात. दोन-दोन तास. खोली नऊ बाय अकरा फूट (टेप लावून मोजलीय), एक खिडकी, एक ट्यूबलाइट. मोबाइलवर घोडी स्वच्छ येते आणि चाचांचा हात पुसून गेल्यासारखा येतो.

भिशीचे ५५,००० हातात आहेत. आता सल्लागार मंडळ ऐका.

भाची (पुण्यात इंजिनिअरिंगला) म्हणते सोनी झेडव्ही-ई१० घे. का? ती ज्यांचे व्हिडिओ बघते त्या सगळ्यांकडे तो आहे. नवरा म्हणतो कॅननच. का? आमच्या लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात कॅननचा पट्टा होता. ते फोटो बिघडले होते हे तो सोयीस्कर विसरलाय. थोरले दीर म्हणतात दिवाळीपर्यंत थांब. दीर प्रत्येक गोष्टीला दिवाळीपर्यंत थांबायला सांगतात.

मग एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने आधी विचारलं, "मॅडम, मुलासाठी का?" नाही म्हटल्यावर त्याने मला बॅग, ट्रायपॉड, कार्ड आणि दोन लेन्स असा जोडून संच दाखवला, जणू मी आहेराची भांडी घ्यायला आले होते. मी म्हटलं, जरा आयपीसमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या भिंगातून, बघू दे. तो म्हणाला, "याला ते नसतं, स्क्रीनवर बघायचं."

आणि तिथेच माझं घोडं अडलं. एकोणीस वर्षं मी जे काही नीट बघितलंय ते डोळा लावून बघितलंय. हात लांब करून, पडदा समोर धरून बघणं म्हणजे मला दुसऱ्याने बघितलेलं बघितल्यासारखं वाटतं. शिवाय चष्मा उणे साडेचार. आमच्या मायक्रोस्कोपच्या आयपीसवर छोटं चष्म्याचं चित्र असतं, म्हणजे चष्मा न काढता वापरा. कॅमेऱ्यात तसं काही असतं का, हे त्या मुलाला माहीत नव्हतं.

आता हा हट्ट आहे की खरं कारण, हे मला कळत नाहीये. म्हणून तुमची कारणं ऐकायचीत.

---

सबकुछ_मोबाइल

५५ हजारात उत्तम फोन येतो. विषय संपला.

---

तेलाचा_थेंब

@सबकुछ_मोबाइल, फोन आहे हो, आणि तो चांगलाही आहे. पण अंधारात तो एक फोटो काढत नाही, पाठोपाठ बरेच काढतो आणि एकावर एक ठेवून जुळवतो. भिंत, भोपळा, घोडी जागच्या जागी असतात म्हणून छान जुळतात. कानस धरलेला हात हलतो. तो कसा जुळणार? माझ्याकडे चाचांचे अकरा फोटो आहेत, सगळ्यांत हाताच्या जागी धुकं आहे.

---

रिळवाला_विटा

ताई, धागा आवडला. वय वर्षं ६९, विट्यात माझा स्टुडिओ होता. २०१४ ला शटर ओढलं, म्हणजे दुकानाचं.

पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री, बडोद्यात बनायचा. मॅट्रिक झालो म्हणून मामाने दिला, साल १९७३. तुम्ही विचारताय तसं बघायला गेलं तर तो मी निवडलाच नाही. पण मामाने तोच का निवडला, हे मला पुढे धंद्यात पडल्यावर उमगलं, आणि ते इथे कुणी लिहिणार नाही म्हणून लिहितो.

१२० चा रोल, बारा फोटो, सव्वादोन इंच चौरस निगेटिव्ह. एवढ्या निगेटिव्हला एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) लागत नाही! फोटोच्या कागदावर ठेवायची, वरून काच दाबायची, दिवा क्षणभर लावून बंद करायचा. निगेटिव्हएवढाच फोटो हातात. त्याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणायचे. पाकिटात ठेवायला, पत्रातून पाठवायला पुरेसा. पस्तीस एमएमची निगेटिव्ह म्हणजे पोस्टाचं तिकीट. तिचा तसाच प्रिंट काढला तर आजोबा कुठले आणि बैल कुठला कळायचं नाही. आमच्याकडे तेव्हा एन्लार्जर एकाच स्टुडिओत, आणि तो एकेका प्रिंटचे पैसे लावणार. मामा शेतकरी माणूस, त्याला लेन्स-बिन्स काय ठाऊक? त्याने हिशेब केला तो कागदाचा. म्हणजे माझा पहिला कॅमेरा कॅमेऱ्याने नाही, कागदाने ठरवला.

रोलही जो मिळेल तो. कधी पूर्व जर्मनीचा ओर्वो, कधी आपला उटीचा इंदू. दुकानदार देईल ते देवाने दिलं म्हणायचं.

धंद्याचा पहिला कॅमेरा मात्र मी स्वतः निवडला. याशिका ६३५, दोन डोळ्यांचा (म्हणजे दोन भिंगांचा), सेकंडहँड. कारण सांगू का, खरं? लोक. पस्तीसचा छोटा कॅमेरा घेऊन लग्नात गेलं की नवरीचा बाप म्हणायचा, "हा पोरगा कोण?" दोन डोळ्यांचा गळ्यात दिसला की खुर्ची पुढे सरकायची, चहा यायचा, आगाऊ रक्कम मिळायची. त्यात वरून मान घालून बघायचं आणि चित्र उजवं-डावं उलटं दिसायचं. नवरा डावीकडे सरकवायचा तर कॅमेरा उलट्या बाजूला. पहिल्या लग्नात मी भटजींची अर्धी शेंडीच घेतली होती. पण कॅमेऱ्याकडे बघून लोक सरळ उभे राहायचे, ते काम त्याने चोख केलं.

तुमचा हट्ट हट्ट नाही. ज्याला भिंगातून बघायची सवय आहे त्याने भिंगातूनच बघावं. चष्म्याचं सांगतो: आयपीसजवळ बारीक चाक असतं, नंबर जुळवायला. पण साध्या कॅमेऱ्यात ते फार तर उणे तीनपर्यंत जातं. तुमचा साडेचार म्हणजे चष्मा ठेवूनच बघावं लागणार, आणि चौकटीचे कोपरे थोडे कापले जाणार. दुकानात उभं राहून डोळा लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग तो मुलगा काही का म्हणेना.

जुना घेणार असाल तर एक काम करा. लेन्स काढून हातात घ्या, मागून मोबाइलची बॅटरी लावा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. पावसाळ्यात कपाटातल्या कापडी बॅगेत पडून राहिलेली लेन्स हमखास जाते. माझ्याही गेल्यात.

---

मस्कतची_माई

रिळवाला काका, शेंडी वाचून हसले.

माझं कारण एका ओळीचं. हॉटशॉट कॅमेऱ्याची जाहिरात, टीव्हीवर तो 'खटाक'! मी तेव्हा डोंबिवलीत आठवीत होते, आणि मला कॅमेरा नको होता, ते बटण हवं होतं. बाबांनी घेऊन दिला नाही. पहिल्या पगारात कोडॅकचा केबी-१० घेतला, आणि दुकानात दोनदा रिकामाच दाबून बघितला, आवाज येतो का म्हणून. आला. घेतला.

फोटो? दहातले चार चेहरे फ्लॅशने पांढरे. पण माझ्या आजीचा हसतानाचा एकमेव फोटो त्यातला आहे.

---

कवडीपाटचा_बगळा

थेंबताई, तुमच्या प्रश्नाचं माझं प्रामाणिक उत्तर: ऑफिसातली चार टाळकी.

२००८. हडपसरला नोकरी. रविवारी पहाटे कवडीपाटला पक्षी बघायला जायचो, पाच जण. चौघांकडे निकॉन. मग मी काय घेणार? लेन्स उसन्या मिळतील, एवढा एकच विचार. घेतला निकॉन डी४०, ६ मेगापिक्सेल, त्या वेळी बजेटमध्ये तोच बसत होता.

आता मेख ऐका. ग्रुपमधल्या एकाने मोठ्या मनाने त्याची ५० एमएम १.८ डी लेन्स दिली. लावली. बटण दाबलं. फोकस होईना! लेन्स बिघडली म्हणून मी त्याला फोन केला, तो धावत आला, त्याच्या कॅमेऱ्यावर लावली तर व्यवस्थित. अर्धा तास आम्ही दोघं काठावर बसून डोकं खाजवतोय आणि समोर शेकाट्या आमच्याकडे बघतायत. मग कळलं: त्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या अंगात असावी लागते, आणि डी४० मध्ये स्वस्तात बसवण्यासाठी ती काढून टाकलेली. म्हणजे ज्या उसनवारीसाठी मी निकॉन घेतला, ती उसनवारी अर्धी बाद. हाताने रिंग फिरवायची आणि आयपीसमध्ये हिरवा ठिपका पेटला की फोकस झालं समजायचं. २००९ मध्ये मोटर असलेली ३५ एमएम १.८ आली तेव्हा कुठे सुटका झाली.

तरी सांगतो, मित्रांकडे बघून घेणं हे वाईट कारण नाहीये. लेन्सचं माउंट (लेन्स कॅमेऱ्यात जिथे अडकते ती खाच) म्हणजे सोयरीक. एकदा जुळली की पुढची सगळी देवाणघेवाण त्याच घरात. फक्त लग्नाआधी पत्रिका नीट बघायची होती, ती मी बघितली नाही. तुमच्या आजूबाजूला कुणाकडे काय पडलंय ते आधी शोधा. प्रत्येक डॉक्टरच्या कपाटात एक कॅमेरा असतो, आणि तुम्ही तर लॅबमध्ये आहात.

आता तुमच्या खोलीचा हिशेब, कारण तुम्ही फूटपट्टीची भाषा बोलता. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेलीत की तिचं तोंड जास्तीत जास्त ५.६ उघडतं (हा आकडा जितका लहान, तोंड तितकं मोठं). ५० एमएम १.८ त्याच उजेडात जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. किट लेन्सला जिथे १/६ सेकंद लागेल तिथे हिला १/६०. हाताचं धुकं का येतं याचं उत्तर एवढंच आहे, त्यात ब्रँड कुठेच नाही. तोटा असा, की अशा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम ही साधारण ८० सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. नऊ फुटी खोलीत तुमची पाठ भिंतीला लागेल.

---

तेलाचा_थेंब

@कवडीपाटचा_बगळा, तोंड, उजेड, हे वाचून एकदम डोक्यात ट्यूब पेटली! आमच्याकडे मायक्रोस्कोपच्या कंडेन्सरखाली (स्लाइडवर उजेड टाकणाऱ्या भिंगाखाली) आयरिस असते, तिची दांडी सरकवून भोक लहान केलं की उजेड कमी होतो पण चित्र जास्त खोलवर धारदार दिसतं. मोठं केलं की लख्ख, पण सुईच्या टोकाएवढाच भाग स्पष्ट. कॅमेऱ्याचंही हेच आहे तर! मला आतापर्यंत कुणी असं सांगितलंच नाही, सगळे नुसतं 'बॅकग्राउंड ब्लर' म्हणत होते.

आणि डॉक्टरांच्या कपाटाचं… उद्या सरांना विचारते.

---

फेटा_फ्रेम्स

ताई, मी तुमच्या भाचीच्या पार्टीतला. २४, कोल्हापूर, लग्नांच्या रील बनवतो. २०२२ मध्ये झेडव्ही-ई१० च घेतला.

खरं कारण? एका यूट्यूबरचा व्हिडिओ मी रात्री दोन वाजता अकराव्यांदा बघितला आणि हप्त्यावर टाकून मोकळा झालो. दुसरं कारण मी घरी सांगितलेलं नाही: पार्टीवाले फोनवर आधी विचारतात, "सोनी आहे का?" काकांचा दोन डोळ्यांचा याशिका आणि माझा सोनी यांत काय फरक हो? चहा आम्हालाही त्याच्यावरच मिळतो.

व्हिडिओला तोड नाही. पण तुमचा आयपीसचा मुद्दा शंभर टक्के. पन्हाळ्यावर भर दुपारी प्री-वेडिंग होतं. उन्हात स्क्रीनवर मला फक्त माझं स्वतःचं नाक दिसत होतं. शेवटी नवऱ्या मुलाचा शेला डोक्यावर घेऊन शूट केलं. निकॉन झेड३० लाही आयपीस नाही, तो तुमच्या यादीतून आजच काढा. कॅनन आर५० ला आहे, आर१०० लाही आहे. आर१०० ची स्क्रीन वळत नाही आणि बोटाने चालत नाही, पण तुम्ही तिच्याकडे बघणारच नाही आहात. हे आयपीस आरशातून दिसणारं नसतं एवढं ध्यानात ठेवा, आत छोटा पडदाच असतो. तुम्हाला ते परत 'दुसऱ्याने बघितलेलं' वाटेल कदाचित.

घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणा. आधार कार्ड आणि डिपॉझिट ठेवलं की मिळतो. मी आधी भाड्याने आणला असता तर पन्हाळ्यावर अब्रू गेली नसती.

---

सबकुछ_मोबाइल

उन्हात मोबाइल पण दिसत नाही म्हणा.

---

फेटा_फ्रेम्स

@सबकुछ_मोबाइल, विषय संपला होता ना काका?

---

तेलाचा_थेंब

तीन आठवड्यांनी येतेय, पण येतेय. मध्ये डेंग्यूचा हंगाम होता, प्लेटलेट मोजता मोजता जेवायला वेळ नव्हता.

बगळेभाऊ, तुमच्या तोंडात साखर. सरांच्या कपाटात कॅनन २००डी निघाला. तो त्यांनी कशामुळे घेतला हेही विचारलं, धाग्यासाठी. मुलीचा पहिला वाढदिवस होता, एका मॉलमध्ये बिनव्याजी हप्ता चालू होता, आणि वहिनी साड्यांत गुंतल्या होत्या. म्हणजे सर तिथे मोकळे उभे होते, एवढंच. २०१९ पासून कापडी बॅगेत, स्टीलच्या कपाटात.

काका, लेन्स काढून मागून बॅटरी लावली. कोळ्याचं जाळंच काय, मला तर त्यात फांद्या फुटलेले धागे दिसले. आमच्याकडे नखाची स्लाइड पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून बघतात, त्यात दिसतात तशा. मी सरांना तिथल्या तिथे म्हणाले, "सर, पॉझिटिव्ह." सर आधी हसले आणि मग त्यांनी किमतीतून तीन हजार कमी केले. कॅमेऱ्याचं अंग आणि ती आजारी लेन्स मिळून १५,०००. लेन्स वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसोबत, घरात सगळ्यांपासून दूर ठेवलीय. निळे दाणे आठवड्यात गुलाबी झाले. तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे केले. नवरा विचारत होता, हे काय तळतेस?

डोळा लावला. काका म्हणाले तसेच कोपरे कापले जातात, आणि खरं सांगायचं तर लॅबच्या मायक्रोस्कोपपुढे ते भोक म्हणजे बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बघितल्यासारखं आहे. पण आत जे दिसतं ते खोलीतलंच आहे, आरशावरून आलेलं. भाची म्हणाली, "मावशी, हे आता जुनं झालं, कंपन्यांनी यात नवं काढणं थांबवलंय." असेल. माझा मायक्रोस्कोप माझ्या नोकरीहून जुना आहे.

५० एमएम १.८ नवी घेतली. आधी एका रविवारी भाड्याने आणून चाचांच्या खोलीत नेली (फेटाबुवा, आभार). पाठ भिंतीला नाही, भोपळ्याला लागली. चौकटीत चाचांचे दोन हात आणि घोडी मावते, चाचा मावत नाहीत. घरी येऊन २४ एमएमची लेन्स बघितली, तिच्यात अख्खे चाचा मावले असते. दोन दिवस विचार केला. मग वाटलं, चाचांचा चेहरा तर मी रोज बघते.

तर माझ्याच प्रश्नाचं माझं उत्तर, न सजवता: सरांच्या कपाटात होता म्हणून घेतला. आयपीस, चष्मा, उजेड, सगळं नंतर. कपाटात सोनी निघाला असता तर मी आज इथे हात लांब करून बघण्याचे फायदे लिहीत बसले असते, हेही शक्य आहे.

पण ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते वेगळंच आहे. इतक्या प्रतिसादांत ते कुणाच्याही, आणि माझ्याही, डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी चाचा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तंबोरा लावत होते. मी फोकस केला, कॅमेऱ्याने "पीप" केलं. चाचांनी तार सोडली आणि माझ्याकडे बघितलं. परत छेडली, मी परत फोकस केला, परत पीप. चाचा म्हणाले, "बेटी, वो तुम्हारा मशीन बेसूर है." मला आधी वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. जवारी कानाने लावतात. तार घोडीवर कुठे उचलली जाते ते त्यांना ऐकूनच कळतं, आणि मी त्यांच्या कानाशी एक भलताच सूर वाजवत होते. दोन तासांतली वीस मिनिटं मी खाल्ली.

---

फेटा_फ्रेम्स

बाप रे. हे भारी आहे. मेनूत 'बीप' म्हणून आहे बघा, बंद करा. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) शटरचाही आवाज बंद करता येतो, पण ट्यूबलाइटखाली त्याचा उपयोग कमीच. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिचमिचते, आणि त्या शटरने वेग वाढवला की फोटोभर आडवे पट्टे येतात. हॉलमध्ये आमचे असे कितीतरी फोटो वाया गेलेत. त्यामुळे हळहळू नका.

---

रिळवाला_विटा

ताई, स्टुडिओतला माझा याशिका नुसता 'टिक' करायचा. लहान पोरं झोपेतून उठायची नाहीत. हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही, कारण त्याला कधी गुण म्हणून मोजलंच नाही.

---

तेलाचा_थेंब

पीप त्याच रात्री बंद केला. शटरचा आवाज राहिलाय, त्याला इलाज नाही. त्यावर चाचांनीच तोडगा काढला: कानस चालू असताना काढायचे, तार छेडली की हात खाली. आता ते छेडायच्या आधी मान एकदा माझ्याकडे वळवतात, मी कॅमेरा मांडीवर ठेवते, ते छेडतात, दोघं ऐकतो, ते परत कानस उचलतात, मी परत डोळा लावते. काल चाळीस मिनिटांत नऊ फोटो निघाले. दोनांत हात हातासारखा दिसतो. १/८० सेकंद, तोंड पूर्ण उघडं, घोडीवरचा पांढरा भुगासुद्धा आलाय.

नऊपैकी एकावर चाचा खूश नाहीत. म्हणतात त्यात कानस उलटी धरल्यासारखी दिसते, गल्लीत कुणाला दाखवू नकोस.

आता एक शेवटचं, जाणकारांनी सांगावं. शेजारच्या खोलीत चपड्याचं पॉलिश चालतं, त्याचा वास कॅमेऱ्याच्या पट्ट्याला आणि पुसायच्या कापडाला धरलाय. कापड धुतलं तर लेन्सवर रेषा उमटतील का?